वाटाण्याचे लंगोट

४ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज लिहून ठेवा. बाळ किती प्यायलं, काय लावलं, अंग कुठे लाल झालं, सगळं. कशाने बिघडतंय ते त्यातून सापडेल. मला लिहायची सवय नाही. धुण्याचा सोडा विकणाऱ्या कंपनीने लॉन्ड्रीत वाटलेली एक डायरी पडून होती, पहिल्या पानावर मालकाच्या चहाचा डाग आहे. चालेल.

तर लिहितो. वाटाणा चार महिन्यांची झाली. हे काही तिचं खरं नाव नाही, खरं अजून ठेवलेलंच नाही. ती पोटात असताना बायको म्हणायची, "वाटाण्याएवढी आहे आत्ता, पण लाथा बघा." तेच पडलं. बायको बाळंतपणात गेली. रक्त थांबलं नाही. त्याबद्दल पुढे लिहिणार नाही, बाईंनी ते लिहायला सांगितलेलं नाही.

सकाळपासून दुपारपर्यंत मी लॉन्ड्रीत असतो. तेवढा वेळ खालच्या मजल्यावरच्या काकू वाटाण्याला सांभाळतात. बायकोची मोठी बहीण, आमच्या ताई, पहिल्या दिवसापासून म्हणताहेत की पोर माझ्याकडे द्या. त्यांना मूलबाळ नाही. मी नाही म्हणालो. ताई म्हणाल्या, "बघू किती दिवस जमतंय." तेव्हापासून मी डोळ्यात तेल घालून पोरीला जपतोय.

आणि आता हे. डायपरने मांड्या लाल झाल्या. डायपरचं अख्खं पाकीट फेकून दिलं. बाई म्हणाल्या, "सुती कापड वापरा. स्वच्छ ठेवा." मला हसूच आलं. अहो बाई, कोणाला सांगताय? हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलांच्या चादरी आमच्याकडे येतात. माझं काम इस्त्री आणि घडी. माझ्या हातून गेलेल्या चादरीवर माशीसुद्धा बसायला लाजते.

मालकाने हॉटेलच्या बाद झालेल्या चादरी दिल्या. त्या फाडून चौकोन केले, काकूंनी मशीनवर कडा दुमडून दिल्या. ढीगभर लंगोट झाले. मागच्या खोलीतल्या लहान मशीनमध्ये मी स्वतः धुतले. उकळतं पाणी आणि आमचा सोडा. आमचा सोडा म्हणजे घरचा नव्हे, ओल्या हाताने उचलला तर कातडी बुळबुळीत होते. त्यापुढे कुठला जंतू टिकेल? चादरींना शेवटच्या पाण्यात आंबट घालतात, ते मात्र मी घातलं नाही. आंबट म्हणजे ॲसिडच की. हॉटेलच्या चादरी झकपक दिसाव्यात म्हणून ठीक आहे, चार महिन्यांच्या बाळाला ॲसिड कशाला? त्याऐवजी साध्या पाण्यात जास्त वेळा खळबळले. मग कडक इस्त्री. दिसायला असे पांढरेशुभ्र झाले की बायको असती तर म्हणाली असती, नजर लागेल.

७ फेब्रुवारी, गुरुवार

लाली कमी व्हायची सोडून वाढली. आता नुसती लाल नाही, चकाकते. हात लावला की वाटाणा पाय पोटाशी घेते आणि श्वास कोंडून रडते, आवाज यायलाच वेळ लागतो.

दूध तेच आहे. मलम तेच. पाण्यात बदल नाही. मग उरलं कोण? काकू. मी वाईट माणूस नाही, पण लिहायचं म्हटल्यावर खरं लिहायला हवं. काकू दिवसभर शिवणकाम करतात. ओल्या लंगोटात पोर किती वेळ पडून राहते, कोणी बघितलंय?

खबरदारी म्हणून आज सोडा दुप्पट घातला.

१० फेब्रुवारी, रविवार

ताई न सांगता आल्या. वाटाणा नेमकी लंगोट बदलताना सापडली. ताईंनी पिशवी खाली ठेवली नाही, तशाच खांद्यावर घेऊन वाकून बघत राहिल्या.

"हे काय आहे, भाऊजी?"

"डायपरने झालं. आता कापड लावतोय."

"डायपर कधी बंद केलेत?"

"आठवडा झाला."

"मग आठवड्यात वाढलं कसं?"

ताईंनी घरभर नजर फिरवली. स्वयंपाकघरात भांडी होती, ती असतातच. पण लंगोटांची चळत बघा म्हटलं, एकावर एक, कोपऱ्याला कोपरा. त्यांनी एक उचलून गालाला लावला, परत ठेवला. कपडे चांगले आहेत, एवढं तरी कबूल करतील असं वाटलं होतं. ताई पोरीला घेऊन खिडकीत उभ्या राहिल्या आणि पाठ करूनच म्हणाल्या, "महिनाअखेरीपर्यंत बरं नाही झालं तर मी नेणार. तुम्ही रागवा, बोलू नका, काय वाटेल ते करा."

मी म्हणालो, "माझी मुलगी आहे."

"माझ्या बहिणीचीही आहे," त्या म्हणाल्या आणि रडल्या. मग मलाही रडू आलं, पण आम्ही दोघं दोन वेगळ्या खोल्यांत रडलो.

१३ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाहेर भरपूर गर्दी, आत दोन मिनिटं. त्यांनी मांड्यांच्या घड्या उघडून बघितल्या. "गंमत आहे," म्हणाल्या, "घड्यांमध्ये कातडी चांगली आहे. जिथे कापड टेकतं तेवढंच सोलवटलंय." मला त्यात काही गंमत दिसली नाही.

"कपड्यांत साबण राहत नाही ना?"

"साबण लावतच नाही," मी अभिमानाने सांगितलं. "आणि पाच-पाच पाणी देतो."

"छान," म्हणाल्या आणि नवं मलम लिहून दिलं. शिवाय ओला लंगोट लगेच बदला म्हणाल्या. म्हणजे माझा संशय बरोबर होता. आता दिवसाला दुप्पट लंगोट वापरायचे. मी धुवायला कमी पडणार नाही.

माझ्या हातांना भेगा पडल्या आहेत, बोटं चरचरतात. वाटाण्याच्या कपड्यांबरोबर माझे दोन बनियन धुतले होते, त्यांनी मानेला खाज सुटली. हवा कोरडी आहे.

१६ फेब्रुवारी, शनिवार

आज काकूंनी हद्द केली. पोरीला न्यायला गेलो तर दारातच म्हणाल्या, "रागावू नकोस बाबा, पण हे लंगोट मला कडक वाटतात. हाताला ओढ बसते. मी एकदा माझ्या बादलीत धुऊन बघू का?"

कडक! इस्त्री कशी असते ते कधी बघितलं नसेल. मी म्हणालो, "काकू, तुम्ही शिवण सांभाळा, धुलाई माझा धंदा आहे."

"धंद्याचं नाही रे म्हणत मी."

"मग कशाचं म्हणता?"

काकूंनी पोरीला माझ्या हातात देताना तिच्या डोक्यावरून हात फिरवला, जरा जास्तच वेळ. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण पोरीला घेऊन मुकाट वर आलो. सकाळी कोणाच्या भरवशावर कामाला जाणार?

१९ फेब्रुवारी, मंगळवार

लहान मशीनचा पट्टा तुटला. शनिवारपासून लंगोट धुवायचे राहिले, परवाच शेवटचा संपला. काकूंनी त्यांची एक जुनी, विरलेली चादर फाडून तुकडे केले आणि त्यावर भागवलं. रंग उडालेली निळी चादर. मला बघवत नव्हतं. आमची पोर आणि असल्या चिंध्या.

पण आनंदाची गोष्ट लिहायला हवी. आज लाली खरंच उतरली आहे. कडांना नवी, गुलाबी कातडी दिसते. लंगोट बदलताना वाटाणा रडली नाही, माझं नाक धरलं. मी तिला म्हणालो, सोड बाई, तेवढं एकच धड आहे. मलम अखेर लागू पडलं. ताईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं वाटलं ऐकून," आणि खरंच तसं वाटलं त्यांना.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

मशीन दुरुस्त झालं. सगळे लंगोट मनासारखे धुतले, काकूंचे निळे तुकडेही त्यातच घालून उकळून काढले, कोण जाणे त्यांत काय असेल. मलम चालू. आता बरं व्हायला हरकत नाही.

२३ फेब्रुवारी, शनिवार

आजचं लिहून ठेवायलाच हवं.

आज काम लवकर संपलं. काकूंचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत वाटाणा जमिनीवर, सतरंजीवर, कमरेखाली उघडी. लंगोट नाही, काही नाही. किंचाळत होती. काकू शेजारी बसून एक लंगोट हातात घेऊन नुसत्या बघत होत्या. पोरीच्या मांड्यांवरून बारीक रक्त आलेलं.

मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला की थांबत नाही, बायकोही म्हणायची. एवढं आठवतं की मी म्हणालो, स्वतःच्या सुना टिकल्या नाहीत तुमच्याकडे, माझी पोर कशी टिकेल? ते बोलायला नको होतं. जिन्यात दोन दारं उघडली आणि लोक ऐकत उभे राहिले.

काकू म्हणाल्या, "ऐकून तर घे रे."

"काय ऐकू? डोळ्यांनी बघतोय."

मी पोरीला उचललं, दुधाची बाटली, मलम, सगळं पिशवीत कोंबलं. वर येऊन आधी तिला नीट पुसलं आणि स्वच्छ, इस्त्रीचा लंगोट बांधला. रडून रडून ती झोपी गेली.

चार दिवसांपूर्वी नाक धरत होती. चार दिवसांत एका बाईने माझी सगळी मेहनत पाण्यात घातली.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

रजा घेतली आहे. मालकाने तोंड वाकडं केलं, करू दे. आता मध्ये कोणी नाही. सगळं मी करतो. जरा ओलं झालं की लंगोट बदलतो, कोमट पाण्याने धुतो, पुसतो, मलम, नवा लंगोट. लॉन्ड्रीत फक्त कपडे धुण्यापुरता जातो, तेव्हा तिला टोपलीत घालून बरोबर नेतो. मास्तरांनी तिला बघून चक्क हात हलवला. मोठ्या मशीनवरचे हे मास्तर चादरींना आंबट मोजून घालतात, म्हणून सगळे त्यांना आंबट मास्तर म्हणतात. चेहराही असा की रोज सकाळी चमचाभर पिऊनच येत असावेत.

इतकं करूनही बरं नाही. उलट पाठीच्या खालच्या बाजूला फोड आले, एक फुटला. काल दूध अर्धंच प्यायली.

मी कुठे चुकतोय ते कळत नाही. पानं मागे उलटून वाचली. दूध, मलम, पाणी, काकू. काकू तर आता नाहीत.

१ मार्च, शुक्रवार

काल ताप चढला. फोडांतून पिवळं येत होतं. रिक्षा करून हॉस्पिटलात नेलं. ठेवून घेतलं.

तपासणाऱ्या तरुण डॉक्टरने कापड सोडलं आणि थांबला. नर्सला बोलावलं. दोघं एकमेकांकडे बघून मग माझ्याकडे बघायला लागले.

"हे भाजल्यासारखं दिसतंय," तो म्हणाला. "गरम पाणी सांडलं होतं का?"

"नाही."

"घरात कोण कोण असतं?"

"मीच."

"रागाच्या भरात कधी काही झालं? होतं असं. एकट्या माणसाला झोप नसते, पोर रडत असतं."

नेमक्या त्याच वेळी पडदा सरकवून ताई आत आल्या, त्यांना मीच फोन केला होता. त्यांनी शेवटचं वाक्य ऐकलं. त्या डॉक्टरला म्हणाल्या, "तसला माणूस नाही तो." माझ्या बाजूने बोलल्या, तरी माझ्याकडे बघितलं नाही.

४ मार्च, सोमवार

उतार आहे. शिरेतून औषध चालू, कमरेखाली तिला उघडीच ठेवतात, नुसत्या चादरीवर. जखमांवर खपली धरली. ताप गेला.

एक गोष्ट टिपून ठेवतो. वाटाणा ज्या चादरीवर झोपते तिच्या कोपऱ्यावर आमच्या लॉन्ड्रीचा शिक्का आहे. आमच्याच मशीनमध्ये धुतलेली, कदाचित माझ्याच हातची इस्त्री. दिवसभर ती त्यावर उघड्या अंगाने लोळते आणि तिला काही होत नाही. म्हणजे आमच्या धुलाईत दोष नाही. एवढा एक संशय मनात डोकावला होता, तो गेला.

मग उरतो मी. काकू नसतानाही वाढलं, माझ्या हातून सुटल्यावर बरं झालं. आणखी काय पुरावा पाहिजे? काही माणसांच्या हाताला रोप लागत नाही, तसंच हे असेल. नर्सच्या हातचं तिला चालतं, ताईंच्या हातचं चालतं. बापाच्या हातचं चालत नाही.

८ मार्च, शुक्रवार

ठरलं. हॉस्पिटलातून परस्पर ताईंकडे.

ताईंनी मागितलं नाही, मीच म्हणालो. परवा वॉर्डाबाहेरच्या बाकावर आम्ही बसलो होतो. म्हणालो, "ताई, तुम्हीच न्या." त्यांनी चेहऱ्यावर दोन्ही हात घेतले. मला वाटलं होतं, त्या जिंकल्यासारख्या दिसतील. तसं काही दिसलं नाही.

आज साडूभाऊ गाडी घेऊन आले. मी काल रात्रपाळी मागून घेऊन सगळे लंगोट धुतले होते. मनापासून धुतले. सोडा हात आखडून घातला नाही, पाणी उकळतं ठेवलं. एकेक लंगोट इस्त्री करून पांढऱ्या कापडात गाठोडं बांधलं. पोरीबरोबर बापाचं काहीतरी जायला हवं, आणि मला दुसरं काही येत नाही. ताईंनी गाठोडं मांडीवर घेतलं. "एवढे?" म्हणाल्या. मी म्हणालो, "जास्त असू देत. संपले की परत धुऊन आणून देईन."

एक लंगोट मी ठेवून घेतला. उशीखाली आहे.

गाडी वळेपर्यंत उभा राहिलो. वाटाण्याने मागे वळून बघितलं नाही, चार-पाच महिन्यांची पोर कुठे मागे बघते.

१७ मार्च, रविवार

ताईंकडे जाऊन आलो. वाटाणा ओळखू येईना. गाल वर आलेत. ताईंनी न विचारताच दाखवलं, मांड्या अशा स्वच्छ की कुठे काही झालं होतं यावर विश्वास बसू नये. मी बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. ताई म्हणाल्या, "घ्या ना." मी म्हणालो, "नको, हात गार आहेत." हात गार नव्हते.

तिला कुठला तरी फुलाफुलांचा, जुन्या गाऊनचा तुकडा बांधला होता. नजर वर गेली तर माझं गाठोडं कपाटावर. गाठ मीच मारलेली, तशीच. एकही लंगोट काढलेला नाही.

लागलं मला. खोटं कशाला लिहू? इतके शुभ्र कपडे कपाटावर आणि पोरीच्या अंगाला गाऊनच्या चिंध्या. पण मागण्याचा हक्क मीच सोडला आहे. चहा प्यायलो. ताई म्हणाल्या, "आता कायमचीच इथे राहू दे, भाऊजी. सारखं इकडेतिकडे नको तिला." मी हो म्हणालो. साडूभाऊंनी तिच्यासाठी नाव शोधलं आहे. चांगलं आहे. इथे लिहावंसं वाटत नाही.

३ एप्रिल, बुधवार

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं. आज आहे.

सकाळी मालक तणतणत आला. मोठ्या हॉटेलने परवाच्या सगळ्या चादरी परत पाठवल्या. गिऱ्हाइकांच्या अंगाला खाज सुटली, एका बाईच्या पाठीवर लाल चट्टे उठले. मालकाने सगळ्यांना धारेवर धरलं. आंबट मास्तर शांतपणे उठले, खिशातून एक बारीक बाटली काढली आणि परत आलेल्या चादरीवर एक थेंब टाकला. पाण्यासारखा थेंब. चादरीवर पडला आणि गुलाबी झाला. गडद, रंग टाकावा तसा.

"गुलाबी झालं म्हणजे सोडा शिल्लक आहे. परवा मी सुट्टीवर होतो," मास्तर म्हणाले. "माझ्या जागी होता त्याने आंबट घातलं नाही."

मालक म्हणाला, "आंबटाने काय होतंय? ते चमकेसाठी ना?"

"चमकेसाठी कोणी सांगितलं? सोडा कितीही पाण्यात खळबळा, सुतात राहतो. तो आंबटाने मरतो. नाही मारला तर कोरड्या कपड्यात गप्प बसतो, आणि घाम लागला, ओल लागली की जागा होऊन कातडी खातो. एवढ्यासाठीच तर मी इथे बसतो."

बाकीचे हसले, मास्तर एका दमात एवढं कधी बोलत नाहीत म्हणून. माझ्या हातातली इस्त्री चादरीवर तशीच राहिली. जळल्याचा वास आला तेव्हा कोणीतरी ओरडलं.

मी मास्तरांकडे बाटली मागितली. "कशाला?" म्हणाले. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि दिली.

घरी आलो. उशीखालचा लंगोट काढला. खिडकीपाशी नेऊन एक थेंब टाकला.

गुलाबी.

दुसऱ्या कोपऱ्यावर टाकला. तोही गुलाबी. मध्यभागी, जिथे तिचं अंग टेकायचं, तिथे टाकला. मग मला तो लंगोट हातात धरवेना.

त्याच वेळी गाठोडं आठवलं. ताईंना फोन लावला.

"ताई, ते लंगोट. गाठोड्यातले. लावलेत का तिला?"

ताई गडबडल्या. "वाईट नका वाटून घेऊ, भाऊजी. मी ते सोडलेलंच नाही. पहिल्यांदा हात लावला तेव्हाच खरखरीत वाटले. तुम्ही इतक्या मायेने दिलेत, म्हणून बोलले नाही."

मग मी सगळं सांगितलं. सोडा, आंबट, दुप्पट सोडा, बनियन, हॉस्पिटलातली चादर, थेंब. काही लपवलं नाही.

"म्हणजे आता तुम्ही तिला परत मागणार," ताई म्हणाल्या.

खरं सांगायचं तर माझ्या ते मनात आलं होतं. जिना चढतानाच आलं होतं. कारण सापडलं, दोष माझ्या हाताचा नव्हता, पोरीला आणता येईल. मी म्हणालो, "आता कळलंय ना कशामुळे झालं ते."

"हो. आज हे कळलं," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "उद्या दुसरं काहीतरी असेल. ते कळेपर्यंत तिने काय सोसायचं, भाऊजी?"

मागे वाटाणा रडायला लागली. ताईंनी "आले गं, आले" म्हटलं आणि रडणं तिथल्या तिथे थांबलं.

मी म्हणालो, "राहू दे तिला तिथेच. गाठोडं जाळून टाका."

नंतर खाली गेलो. काकूंनी दार अर्धंच उघडलं. फेब्रुवारीनंतर आम्ही जिन्यात एकमेकांना चुकवत होतो. मी लंगोट पुढे धरला, गुलाबी डाग दाखवले आणि जमेल तसं सांगितलं. माफी कशी मागतात ते मला धड येत नाही. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"पोर कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे. ताईंकडे."

"उघडी ठेवली की हसायची रे," काकू म्हणाल्या. "लंगोट बांधला की रडायची. त्या दिवशी तेच बघत होते मी, दोनदा बांधला, दोनदा सोडला, तू आलास तेव्हा नुकताच सोडला होता. तुला सांगणार होते."

त्यांनी दार लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं.

वर येऊन बादलीत पाणी घेतलं. लंगोट बुडवला, पिळला, थेंब टाकला. गुलाबी. पाणी बदललं, परत खळबळला, परत टाकला. फिकट, पण गुलाबीच. पाच पाणी देतो म्हणून डॉक्टरीणबाईंना सांगितलं होतं, त्याहून जास्त दिली. मग स्वयंपाकघरात एक लिंबू होतं, सुकत आलेलं. अर्धं कापून बादलीत पिळलं, लंगोट बुडवून काढला आणि थेंब टाकला.

पाण्यासारखाच राहिला. कितीतरी वेळ बघत बसलो, रंग आला नाही. अर्ध्या लिंबाने काम झालं.